रिकाम्या ओळी

आत्याच्या वहीत ३१२ ओव्या होत्या आणि आम्ही छापलेल्या पुस्तिकेत त्या ३०० भरल्या. मधल्या बारा कुठे गेल्या याचा शोध घेता घेता आम्हाला संगणकाच्या एका जुन्या, आडमुठ्या भाषेशी ओळख करून घ्यावी लागली. आणि ती होत असताना हेही ध्यानात आले की, ज्या 'ओळ' या शब्दावर आम्ही जन्मभर वर्गात बोलत आलो, त्याचा आम्ही कधी नीट विचारच केलेला नव्हता. मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने शेल स्क्रिप्टविषयी लिहावे हे कोणाला वावगे वाटेल. पण जे घडले ते पाठचिकित्सेच्या प्रांतातले आहे. संगणक या प्रकरणात लेखनिक आहे, आणि लेखनिकाच्या चुका हा तर आपलाच विषय.

प्रथम वहीविषयी. दोनशे पानी, आडव्या रेघांची ही वही. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या आजीच्या, जात्यावरच्या ओव्या तिने आजी गेल्यानंतर आठवून आठवून लिहून काढल्या. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. ज्ञानेश्वरीतल्या साडेतीन चरणी ग्रंथओवीहून ती निराळी, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. आत्याने वहीच्या एका रेघेवर ओवीची एक ओळ, असा नेम शेवटपर्यंत पाळला आहे. दंड नाहीत, क्रमांक नाहीत, दोन ओव्यांमध्ये जागाही सोडलेली नाही. मात्र दोन खुणा तिच्या स्वतःच्या आहेत. एखादी ओळ आजीची की शेजारणीची याविषयी शंका असेल तेथे समासात एक चांदणी काढलेली आहे; आणि ओवीची एक ओळ आठवते, दुसरी आठवत नाही, अशा ठिकाणी तिने ती रेघ कोरी सोडली आहे. अशा कोऱ्या रेघा वहीत चोवीस आहेत. हा आकडा आज आम्हाला पाठ आहे. त्या वेळी आम्ही तो मोजलेला नव्हता, हेच या कथेचे मूळ.

आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला ओव्यांची पुस्तिका करून तिच्या हाती द्यावी, असे ठरले. टंकन आम्हीच केले आणि ते इमानेइतबारे केले, असे आजही म्हणू. चांदणी होती तेथे चांदणी टंकून एक मोकळी जागा सोडली व पुढे ओळ लिहिली. कोरी रेघ होती तेथे कोरी ओळ सोडली. मूळ पान चटकन सापडावे म्हणून प्रत्येक पानाच्या आरंभी चौकटी कंसात पृष्ठक्रमांकाची एक ओळ जादा घातली. आता उरले ते एवढेच, की पृष्ठक्रमांकाच्या ओळी गाळाव्यात, उरलेल्या ओळी दोन दोन घेऊन त्यांची ओवी बांधावी, शेवटी दंड द्यावा आणि क्रमांक घालावा. हे काम हाताने तीनशे वेळा करण्याचा आम्हाला कंटाळा आला. महाविद्यालयात असताना संगणक विभागातल्या एका स्नेह्याने आमच्या विभागाच्या यंत्रावर लिनक्स घालून दिले होते आणि कवींच्या शब्दसूची करण्यापुरती चारदोन आज्ञांची आम्हाला सवय होती. तेवढ्या भांडवलावर आम्ही आज्ञावली लिहायला बसलो.

गाळण्याचे काम 'सेड' नावाची आज्ञा बिनबोभाट करते. तिने ओतलेल्या ओळी कोठेतरी क्रमाने साठवायच्या होत्या, म्हणजे पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशा जोड्या लावता येतील. अशा साठवणीला अ‍ॅरे म्हणतात. एकाच नावाचे, पण क्रमांक घातलेल्या खणांचे फडताळ, अशी कल्पना केली की पुरे. फक्त क्रमांक शून्यापासून सुरू होतात. म्हणजे पहिली ओळ शून्याव्या खणात. वापरायचे ते 'बॅश' नावाचे शेल. आज्ञा डॉलरच्या चिन्हापुढील कंसात घालायची, त्याभोवती आणखी एक कंस घालायचा आणि ते सारे अ‍ॅरेच्या नावाला बहाल करायचे. असे हे साधे दिसणारे वाक्य आम्ही लिहिले आणि खण किती भरले ते विचारले.

उत्तर आले, ४,२३१.

खण उघडून पाहिले तर प्रत्येकात एकेकच शब्द. ओवी कुटून तिचे पीठ झाले होते. आणि याहून चमत्कारिक म्हणजे, विठ्ठलाच्या ओव्यांच्या मध्यावर आमचे मार्च महिन्याचे वीजबिल येऊन बसले होते. त्याच्या मागे निवृत्तिवेतनाचा अर्ज, भाचीच्या लग्नाची यादी, आणि घरपट्टीची पावती. पुढे भावाच्या ओव्यांत पुन्हा तोच परिवार, त्याच क्रमाने. आम्ही क्षणभर यंत्र बिघडले असे समजलो. यंत्र अर्थातच शुद्धीवर होते.

घडले होते ते असे. आज्ञेचे फलित अवतरणचिन्हांशिवाय वापरले की शेल त्यावर दोन संस्कार करते. पहिला संस्कार पदच्छेदाचा. मोकळी जागा, टॅब आणि ओळीचा शेवट ही तिन्ही चिन्हे ते सारखीच मानते व त्यांपैकी कोणतेही दिसले की तेथे तुकडा पाडते. दुसरा संस्कार असा, की पाडलेल्या तुकड्यांत चांदणी, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस दिसले तर तो फाइलींच्या नावांचा नमुना आहे असे धरून जुळणारी नावे तेथे आणून ठेवायची. एकट्या चांदणीचा अर्थ शेलच्या भाषेत 'या जागी असलेले सर्व काही' असा होतो. आत्याने 'ही ओळ आईची असेलच असे नाही' या अर्थी काढलेली खूण शेलने 'घरात आहे ते सगळे घेऊन ये' अशी वाचली. एकाच चिन्हाचे दोन संप्रदायांत किती भिन्न अर्थ व्हावेत! भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत चांदणी लागलेले श्लोक संहितेतून काढून पानाच्या तळाशी बसवलेले आहेत आणि जेथे संपादकांना पाठाची खात्री नाही त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. आत्याने भांडारकर संस्थेचे नावही ऐकलेले नसावे. पण तिची चांदणी शेलपेक्षा सुखटणकरांच्या कितीतरी जवळची होती.

शेलची ही वागणूक म्हणजे खोडसाळपणा नव्हे, हे सांगितले पाहिजे. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मली. १९७३ मध्ये तीत 'पाइप' आला, म्हणजे एका आज्ञेचे फलित पन्हाळीतून सरळ दुसऱ्या आज्ञेत सोडण्याची सोय. स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडले. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये त्याच घाटावर 'बॅश' रचले आणि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात अ‍ॅरे आले. या कुळात एक घरगुती विसंवाद आहे आणि तो आमच्या मते साहित्याच्या माणसाला फार ओळखीचा आहे. युनिक्सची अवजारे, म्हणजे शोधणारे ग्रेप, क्रम लावणारे सॉर्ट, गाळणारे सेड, ही सारी ओळीने विचार करतात. ओळ आली, पाहिली, ठेवली किंवा टाकली. शेल मात्र शब्दाने विचार करते, कारण त्याचा जन्मच माणसाने टंकलेली आज्ञा वाचण्यासाठी झाला. आज्ञेत पहिला शब्द क्रियेचा, पुढचे शब्द ती कशावर करायची त्याचे. अवजारांनी ओळी ओतायच्या आणि शेलने त्या शब्द म्हणून झेलायच्या, असा हा संसार आहे. वृत्ताने कविता वाचणारा आणि कोशाने कविता वाचणारा एकाच खोलीत राहिले तर दुसरे काय होणार?

असो. पदच्छेद कोणत्या चिन्हांवर करायचा हे शेलला सांगता येते. 'आयएफएस' नावाच्या एका चलात ती चिन्हे ठेवलेली असतात. आम्ही त्यातून मोकळी जागा आणि टॅब काढून टाकले व ओळीचा शेवट तेवढा ठेवला. आता अख्खी ओळ हाच एक तुकडा. चांदण्याही जागच्या जागी राहिल्या. कारण चांदणीपुढे ओवीची पूर्ण ओळ जोडलेली, आणि अशा नावाची फाइल आमच्या यंत्रावर असणे शक्य नव्हते. नमुन्याशी काहीच जुळले नाही की बॅश तो जसाच्या तसा सोडून देते. हा निव्वळ दैवयोग होता, पण आम्ही तो आमच्या कौशल्याच्या खात्यावर मांडला.

खण मोजले. ६००. म्हणजे ओव्या ३००. पूर्ण, गोल, डोळ्यांना सुखवणारा आकडा! आम्ही पहिली दोन पाने आणि शेवटची दोन पाने वहीशी ताडून पाहिली; अक्षर न अक्षर जुळत होते. मुखपृष्ठावर 'जात्यावरच्या तीनशे ओव्या' असे घालून आम्ही पन्नास प्रती छापून घेतल्या.

समारंभ झाल्यावर दुपारी सगळे निजले असता आत्या चष्मा लावून पुस्तिका वाचत बसली होती. ती मनात वाचत नसे. ओठ हालवून, हलक्या सुरात, ओवीच्या चालीवरच वाचायची. आम्ही शेजारीच लवंडलो होतो. दहाबारा ओव्यांनंतर सूर थांबला. पुन्हा मागून आला, पुन्हा त्याच जागी थांबला.

"अरे, ही आईची नव्हे," ती म्हणाली.

आम्ही म्हटले, "आत्या, तुझ्याच वहीतली आहे सगळी. एक अक्षर बदललेलं नाही."

"अक्षरं माझीच आहेत. पण हिचं डोकं एकीचं आणि पाय दुसरीचे. आणि इथली माझी मोकळी रेघ कुठे गेली?"

आम्ही वही आणली. अकराव्या ओवीची दुसरी ओळ तिला आठवली नव्हती. तिने रेघ सोडली होती. आणि छापील पुस्तिकेत बाराव्या ओवीची पहिली ओळ वर सरकून त्या अकराव्या ओवीला जाऊन चिकटली होती. तेथून पुढे प्रत्येक ओवीचा उत्तरार्ध पुढच्या ओवीच्या पूर्वार्धाशी लग्न लावून बसला होता. माहेरच्या वाटेची ओळ पंढरीच्या वाटेला लागली होती आणि भावाच्या स्तुतीचा शेवट सासूच्या गाऱ्हाण्यात झाला होता. हे असे पुढच्या कोऱ्या रेघेपर्यंत. तेथे दुसरी ओळ गळाल्याने जोड्या पुन्हा मूळ पदावर आल्या. तिसऱ्या कोऱ्या रेघेशी पुन्हा सुटल्या. चोवीस ही सम संख्या असल्यामुळे शेवटची पाने बिनचूक निघाली होती, आणि आमचा पडताळा नेमका तेवढ्याच पानांवर झाला होता. चोवीस ओळी गळाल्या, म्हणजे बारा ओव्यांची तूट. हिशेब असा चोख लागला.

आम्हाला जे लागले ते वेगळेच. आम्ही विद्यार्थ्यांना लेखनिकाच्या नजरचुकीचे प्रकार शिकवले आहेत. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळींपैकी मधला मजकूर कसा गळतो, हे फळ्यावर काढून दाखवले आहे. पण त्या सगळ्या चुकांत काही लिहिलेले गळते. येथे न लिहिलेले गळाले होते. आणि ते गळाल्यावर वाचणाऱ्याला संशय यावा अशी एकही जागा उरली नव्हती. अर्ध्या ओव्या चुकलेल्या असून प्रत्येक ओवी पुरी दिसत होती. आमच्या पन्नास वाचकांपैकी, त्यांत तीन प्राध्यापक, कोणालाही काही खटकले नाही. खटकले ते चौथी शिकलेल्या आत्याला.

भाचा संगणकाच्या धंद्यातला. रात्री त्याच्यापुढे आज्ञावली ठेवली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि आमच्या वयाचा मान ठेवून हसू आवरले.

"मामा, तुम्ही आयएफएस बदललंत ते ठीक. पण मोकळ्या चिन्हांचा नियम निराळा आहे. ती कितीही सलग आली तरी शेल ती एकच धरतं."

त्याने जे समजावून दिले ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. तुकडे पाडण्याचे चिन्ह अपूर्णविरामासारखे दिसणारे, शाईचे, असेल तर दोन सलग चिन्हांच्या मधला रिकामा तुकडा शेल मानते. तेथे एक रिकामा खण तयार होतो. पण चिन्ह मोकळी जागा, टॅब किंवा ओळीचा शेवट यांपैकी असेल, म्हणजे स्वतःच न दिसणारे असेल, तर अशा चिन्हांचा सबंध पुंजका एकच धरला जातो आणि मधली रिकामी जागा नाहीशी होते. दोन ओळींमधली कोरी ओळ म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ओळीच्या शेवटाची दोन सलग चिन्हे. ती एक झाली आणि आत्याची रेघ पुसली गेली. शिवाय आज्ञेचे फलित डॉलर-कंसातून घेतले की त्याच्या अगदी शेवटी असलेल्या कोऱ्या ओळी, कितीही असोत, आधीच छाटल्या जातात. मग अवतरणचिन्हे लावा की न लावा. आज्ञेच्या शब्दांमध्ये माणसाने चुकून दोनदा मोकळी जागा टंकली तर बिघडू नये, यासाठी केलेली ही सोय आहे, आणि त्या कामी ती योग्यच आहे. ओव्या ठेवण्यासाठी ती केलेली नव्हती.

ज्यासाठी केलेली आहे ती आज्ञा निराळी. तिचे नाव 'मॅपफाइल'; 'रीडअरे' या नावानेही ती हाक देते. बॅशच्या २००९ च्या चौथ्या आवृत्तीत ती आली. ती ओळीमागून ओळ वाचते आणि प्रत्येक ओळ आहे तशी एकेका खणात ठेवते. पदच्छेद करीत नाही, चांदणीचा अर्थ लावत नाही, आणि ओळ कोरी असेल तर कोरा खण ठेवते. जोडीला वजा-टी असे सांगितले की ओळीच्या अंताचे अदृश्य चिन्ह तेवढे काढून टाकते. इतकी सरळ. वाचायचे आणि ठेवायचे. समजून घ्यायचे नाही. लेखनिकाचा हाच गुण जुन्या संपादकांनी वाखाणला आहे: न समजता नकलणारा परवडतो, अर्धवट समजून दुरुस्त करणारा नको.

यातही आम्ही दोनदा ठेचाळलो. प्रथम सेडच्या ओळी पाइपने मॅपफाइलकडे सोडल्या, तर खण शून्य! पाइपच्या पलीकडे जे चालते ते शेलच्या एका अपत्यात चालते. त्या अपत्याने आपले फडताळ नीट भरले, काम संपताच ते फडताळासह निवर्तले आणि आमच्या हाती मूळचे रिकामे फडताळ राहिले. उपाय उलटा आहे. मॅपफाइलला आपल्याच घरी बसवायचे आणि सेडचे फलित जणू एखादी फाइल आहे अशा रीतीने, बाणासारख्या चिन्हांनी, तिच्याकडे आत वळवायचे. तसे केल्यावर खण ६२४ भरले. पण छापून पाहतो तो पुन्हा ६०० ओळी! भाच्याने पडद्याकडे पाहून एवढेच विचारले, "मामा, अवतरणचिन्हं?" फडताळातून सगळे खण बाहेर काढताना ती लावली नाहीत तर शेल जुना संस्कार पुन्हा करते, आयएफएस बदललेले असल्याने शब्द फुटले नाहीत, पण रिकामे खण पुन्हा गळाले. म्हणजे नीट ठेवणे पुरेसे नव्हते, नीट काढणेही हवे होते. अवतरणचिन्हे गाळल्याबद्दल ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांचे गुण कापले, त्याच्यावर हा प्रसंग यावा!

(भाच्याच्या मॅकवर ही आज्ञा चाललीच नाही, कारण त्यावर मिळणारे बॅश ३.२ या २००६ सालच्या वळणाचे आहे. तेथे एकेक ओळ 'रीड' ने वाचून फडताळाच्या शेवटी जोडीत जायचे. आयएफएस रिकामे ठेवायचे, वजा-आर सांगायचे म्हणजे उलट्या तिरक्या रेघांचा अर्थ लावला जात नाही. आणि फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर ओळीचा शेवट टंकलेला नसेल तर ती ओळ हातची जाऊ नये म्हणून वेगळी तपासणी ठेवायची. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी शेवटी 'डिक्लेअर' आज्ञेला वजा-पी सांगून सगळे खण क्रमांकासह पाहावेत. रिकामा खणही दोन अवतरणचिन्हांत हजर दिसतो. आम्ही ते पहिल्या दिवशीच पाहिले असते तर हा लेख झाला नसता.)

या प्रकरणानंतर आम्ही आमच्या पोथ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पोथीत ओळ नावाची वस्तू असते, पण तिचा कवितेशी काही संबंध नसतो. कागदाची रुंदी संपली की ओळ संपते, शब्दाच्या पोटातही. कवितेचे माप दंड सांगतो. मोडी लिखाणात तर आधी आडवी रेघ ओढून अक्षरे तिला लोंबती घालत जायची. शब्दाशब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. मोडी वाचणाऱ्याला पदच्छेद स्वतःच करावा लागतो आणि तो चुकला की अर्थ पार फिरतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर शेलची भिस्त आहे, मोकळ्या जागेने तुटलेला शब्द आणि चिन्हाने संपलेली ओळ, त्या दोन्ही आपल्या जुन्या लेखनात पानावर नव्हत्याच. त्या वाचणाऱ्याच्या कानात होत्या. छापील पुस्तकाने त्या पानावर आणल्या आणि आपण त्या कवितेच्याच अंगच्या आहेत असे समजू लागलो. जात्यावर बसलेल्या आजीला ओळ म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तिला जात्याचा फेर आणि यमकाचे ठिकाण ठाऊक होते. 'एका रेघेवर एक ओळ' हे आत्याने शाळेत उचललेले वळण. मात्र कोरी रेघ हे शाळेने शिकवलेले नव्हे. ते तिचे स्वतःचे.

आणि त्या कोऱ्या रेघेला आपल्या परंपरेत मोठे गणगोत आहे, असे आम्हाला वाटते. लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि महानुभावांनी ती स्मरणाने पुन्हा उभी केली. निरनिराळ्यांचे स्मरण निराळे पडले. तेव्हा त्यांनी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे बुजवले नाहीत. एकाचे स्मरण असे, दुसऱ्याचे असे, हे 'वासना' या शब्दाने नोंदवून ठेवले. माहीत नाही तेथे माहीत नाही असे दिसू देण्याची ही रीत. आत्याकडे 'वासना' हा शब्द नव्हता, तिच्याकडे वहीची रेघ होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्याहून चालवलेल्या कामात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. एवढ्या सागरात आजीच्या ३१२ म्हणजे ओंजळभर. पण ओंजळीची गळती सागराच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून ती ओंजळीतच मोजावी लागते.

दुसऱ्या आवृत्तीचे काम निघाले तेव्हा छापखान्यातल्या जुळणीच्या मुलाने फोन केला. सर, तुमच्या मजकुरात चोवीस ठिकाणी ओळ राहिली आहे, ती बंद करून घेऊ का, चार पाने वाचतील. आम्ही जवळजवळ ओरडलोच. तो बिचारा म्हणाला, मग निदान टिंबे घालू, नाहीतर लोक चूक समजतील. हे मात्र पटण्यासारखे होते. संपादनाच्या रीतीलाही धरून होते. आम्ही आत्याला विचारले.

"टिंबं नकोत," ती म्हणाली. "टिंबं घातली म्हणजे संपलं. मोकळं राहू दे. आठवली तर लिहीन."

चोवीस ओळी कोऱ्याच छापल्या. मुखपृष्ठावर आकडा घातला नाही.

आत्या त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिची प्रत आता आमच्याकडे आहे. उशाशी ठेवून ठेवून तिचे कोपरे दुमडले आहेत. त्यात बावीस ओळी अजून कोऱ्या आहेत. दोन तिने शिसपेनीने भरल्या: सत्तेचाळिसाव्या ओवीची दुसरी आणि दोनशे आठव्या ओवीची पहिली. आमच्या फडताळात त्यांचे खण ९३ आणि ४१४. गेल्या आठवड्यात त्या दोन ओळी फाइलीत टंकायला बसलो तेव्हा दिसले, की ४१४ च्या ओळीपुढे समासात तिने एक बारीकशी चांदणी काढून ठेवली आहे.